तिच्या वाटणीचा घास

डबे दोन यायचे आणि दोन्ही अंकिताच खायची. पण हे फार पुढचं झालं. सुरुवातीला तसं काही नव्हतं.

सुरुवातीला शिरूरच्या बसस्टँडमागं हौसरावांच्या घरावर वरच्या मजल्याची एक खोली होती, दोन लोखंडी कॉट होत्या आणि एकमेकींना पहिल्यांदाच बघणाऱ्या दोन मुली होत्या. एक कुरकुंभची अंकिता. तिचे वडील संपत तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. आजोबा म्हस्कूंच्या उमेदीपर्यंत घरात मेंढरं होती, पावसाळा सोडला तर सगळं वर्ष रानोमाळ फिरण्यात जायचं. आता पक्कं घर होतं, थोडी जिरायती जमीन होती आणि दारात चार शेळ्या. दुसरी यवतजवळची राजनंदिनी. तिच्या घरचं उसाचं रान, हायवेला लागून बंगला, वडील इंद्रजीत गावच्या सोसायटीचे चेअरमन. फार्मसीला दोघींचा नंबर शिरूरला लागला म्हणून त्या एका छताखाली आल्या. नाहीतर चौफुल्यावर एकाच झाडाखाली बसची वाट बघत उभ्या राहिल्या असत्या तरी बोलल्या नसत्या.

राजनंदिनी मोकळ्या मनाची होती. हसायची तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. अंकिताला केमिस्ट्री जड जाते हे कळल्यावर तिनं स्वतःहून रोज संध्याकाळी शिकवायला घेतलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. अंकिताच्या बोलण्यातल्या ‘न्हाई’ आणि ‘हाय’वर वर्गातल्या मुली गालात हसल्या, तेव्हा राजनंदिनी भर वर्गात उठून म्हणाली, “माझी आजी बी असंच बोलती. हसायचं असंल तर यवतला येऊन तिच्या तोंडावर हसा.” त्या दिवसापासून अंकिता तिची झाली.

राजनंदिनीचे उपास सुरू झाले ते सोमवारपासून. मग गुरुवार आला. मग चतुर्थी, मग शनिवार.

“आमच्याकडं उपास म्हंजी दुप्पट खाणं,” अंकिता म्हणाली. “खिचडी, भगर, वर शेंगदाण्याचा लाडू. आज्जी तर म्हणती, उपासाच्या दिवशीच पोट भरतं.”

राजनंदिनी खूप हसली. तिनं मात्र साबुदाणा तेलकट म्हणून सोडला. पुढं केळं जड म्हणून सोडलं. दिवाळीनंतर ती उपासाच्या दिवशी नुसत्या ताकावर राहायला लागली आणि उपास नसलेला वार कुठला, ते अंकिताला सांगता येईना.

डबा ताईबाईंच्या मेसचा यायचा. आपला डबा राजनंदिनी उघडायची, पोळी, भाजी, भात सगळं नीट ताटात मांडायची. मीठ डावीकडं, लिंबाची फोड त्याच्या शेजारी, भाताची मूद वाटीनं पाडलेली. ताटाभोवती पाणी फिरवायची. मग ते ताट उचलून अंकितासमोर ठेवायची.

“तुझं झालं की हे पण खा.”

“अगं, मी काय राक्षस हाय का?”

“वाया जाईल. खा ना. तू खाल्लंस की मला बरं वाटतं.”

पहिल्यांदा अंकितानं वाया जाऊ नये म्हणूनच खाल्लं. घरात तेच वळण होतं. तिची आज्जी रतनबाई मेंढरांमागं फिरताना दुष्काळात नुसत्या चिंचोक्यांवर राहिलेली बाई. ताटात शीत राहिलेलं तिला बघवायचं नाही.

राजनंदिनी समोर मांडी घालून बसायची आणि बघायची. अंकिताच्या तोंडाकडं. घास चावताना तिचा जबडा थोडा थोडा हलायचा. अंकितानं गिळलं की राजनंदिनीचा गळा खाली-वर व्हायचा. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा अंकिताला हसू आलं. लहान बाळाला भरवताना आया तसंच करतात. मग एका दुपारी तिनं मुद्दाम घास तोंडात तसाच धरून ठेवला. गिळलाच नाही. समोर राजनंदिनी तशीच थांबली, मान थोडी पुढं काढून, डोळे न हलवता. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. ती हलली नाही. शेवटी अंकितानं घाबरून घास गिळला आणि राजनंदिनीनं मोठा श्वास सोडला.

“पोचलं,” ती म्हणाली.

“काय पोचलं?”

“काही नाही. आमटी घे अजून.”

दुसऱ्या वर्षी राजनंदिनीचे हात थंड पडायला लागले. मार्च महिन्यात, पत्रा तापून खोली भट्टी झालेली असताना ती स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. तिच्या हातांवर, मग गालांवर बारीक मऊ लव आली, कोवळ्या कोकराच्या अंगावर असते तशी. केस मात्र मूठमूठ गळत होते. एवढं असून वर्गात ती पहिली यायची, प्रॅक्टिकलला तिचा हात कधी थरथरायचा नाही आणि मुली तिला विचारायच्या, “राजी, तू नक्की काय करतेस गं? आम्हाला पण सांग.”

अंकिता एकदा मैत्रिणीबरोबर स्टँडवर वडापाव खाऊन आली. दारात पाऊल टाकलं तर राजनंदिनी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “मिरची नाही खाल्लीस.”

अंकिता दारातच थांबली. तोंडाला वास येत असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण वडापाव खाल्ला हे वासानं कळेल, मिरची खाल्ली नाही हे कशानं कळलं?

आणखी एकदा तिचं पोट बिघडलं होतं म्हणून तिनं ताट अर्धं टाकलं. संध्याकाळी राजनंदिनी जिन्यात चक्कर येऊन बसली. अंकितानं धरून वर आणलं तर ती चिडली नाही, ओरडली नाही. नुसतं कुशीवर वळून म्हणाली, “तू दुपारी जेवली नाहीस ना. मग मला कुठून ताकद येणार?”

त्यानंतर अंकितानं ताटात काही ठेवलं नाही. पोट दुखलं तरी नाही. आपण थांबलो तर ही पडेल, असं तिच्या मनानं घेतलं. असलं काही नसतं हे ती फार्मसीत रोज शिकत होती. शरीराला लागणारं ज्याचं त्यानंच खावं लागतं. पण जिन्यातला तो हलका, थंड देह तिनं आपल्या हातांनी उचलला होता.

सुट्टीत ती कुरकुंभला गेली की आई खूश व्हायची. “शिरूरचं पाणी मानवलं गं पोरीला. अंगानं कशी भरली!” आज्जी तिच्या दंडावरून हात फिरवायची. “आता कशी माणसात आली. आधी नुसती काटकी हुती.” शेजारच्या बाया बघून जायच्या. अंगानं भरणं म्हणजे त्या घरात सुखाची खूण होती, भरल्या अंगाच्या कोकरासारखी. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

जेवायच्या वेळेला न चुकता फोन यायचा. व्हिडिओ कॉल.

“अंकी, कॅमेरा जरा खाली कर. ताट दिसू दे.”

“किती जीव हाय बघा मैत्रिणीचा,” आई म्हणायची आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करून द्यायची. अंकिता बाजरीची भाकरी कालवणात कुस्करायची आणि काचेतून ते दोन डोळे तिच्या हाताबरोबर ताटातून तोंडाकडं, तोंडातून ताटाकडं फिरायचे. एकदा रेंज गेली आणि चित्र तसंच गोठून राहिलं, राजनंदिनीचं तोंड अर्धवट उघडं. अंकिता जेवत राहिली. आईनं वाढलेली भाकरी संपली, मग वडिलांसाठी झाकून ठेवलेलीही संपली. कुणीतरी पुरे म्हणावं असं तिला आतून वाटत होतं. पण त्या घरात खाणाऱ्याला पुरे म्हणायची रीतच नव्हती.

तिनं सांगून बघितलं. राजनंदिनीच्या आईला, अनिताकाकूंना फोन केला. “काकू, ती काहीच खात न्हाई हो. खरंच काहीच न्हाई.”

“अगं, नेमधर्माची आहे ती, पहिल्यापासून,” काकू कौतुकानं म्हणाल्या. “आमच्या घरात आहेच तो वारसा. आणि आता दोन-तीन ठिकाणांहून विचारणा आलीय. सगळे म्हणतात, मुलीनं स्वतःला काय छान ठेवलंय!”

मग अंकितानं स्वतःच्या आईला सांगितलं. आई म्हणाली, “मोठ्या घरच्या पोरी तशाच खात्यात बाई, चिमणीवानी. आपल्याला काय करायचंय?”

दोन्ही घरं आपापल्या पोरीवर खूश होती. अंकितानं नंतर कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात काकूंचा फोन आला. राजनंदिनी यवतला गेलेली होती, घरी घटापुढं बसली होती, रोज एका लवंगेवर. अष्टमीला कुमारिका जेवायला घालायच्या होत्या आणि राजनंदिनीचा हट्ट होता की अंकिताच पाहिजे. अंकिता सकाळच्या गाडीनं न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरली. तिथं राजनंदिनीचा भाऊ पृथ्वीराज गाडी घेऊन उभा होता. बंगल्याजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, “गर्दी असेल. घाबरू नका.”

फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया आल्या होत्या, ओटी घेऊन, हार घेऊन. हॉलमध्ये घट मांडलेला, आणि घटाशेजारी पाटावर राजनंदिनी. हिरवी पैठणी तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. मळवट भरलेलं कपाळ, खोल गेलेले डोळे, आणि गालांवरची ती लव समईच्या उजेडात सोन्यासारखी चमकत होती.

“तेज बघा,” एक बाई कुजबुजली. “देवीनंच पांघरूण घातलंय अंगावर.”

बाया एकेक करून तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या. अंकिताला बघून राजनंदिनी हसली, पण त्या हसण्याला आवाजच नव्हता.

दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा ती अंकिताचा हात धरून म्हणाली, “चल, तुला दाखवायचंय.” मागच्या दारानं दोघी उसाच्या कडेनं चालत गेल्या. राजनंदिनी इतकी हलकी चालत होती की पाचटावर फक्त अंकिताच्याच पायांचा आवाज येत होता. बांधावर लिंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. दगडापुढं केळीच्या पानावर नैवेद्य होता, पुरणाची पोळी, भात, सगळं.

“ही आमची उपाशी बाई,” राजनंदिनी म्हणाली. “माझ्या आजोबांची बहीण. माझ्याएवढीच होती. तिनं अन्न सोडलं आणि देव झाली. लोक लांबून येतात.”

“आणि हा नैवेद्य?”

“रोज ठेवतात. ती शिवत नाही. कुणीच शिवत नाही.”

अंकितानं बघितलं. नैवेद्य सकाळचा होता, भाताला वरून कड धरली होती. त्यावर एक मुंगी नव्हती. लिंबावर कावळे बसलेले होते, चांगले पाच-सहा, सगळे खाली बघत. एकही ओरडत नव्हता. उसात वारा शिरला आणि थांबला.

“ती पण बघायची म्हणे,” राजनंदिनी हळूच म्हणाली. “घरातल्यांना जेवताना. समोर बसून. सगळ्यांचं झालं की म्हणायची, माझं झालं.”

“राजी, आपण परत जाऊ या.”

“अंकी, तू आज पोटभर जेव हां. मला बरेच दिवस काही पोचलेलं नाही.”

पंगत हॉलमध्येच बसली. कुमारिका म्हणून आलेल्या बाकी मुली लहान होत्या, परकर-पोलक्यातल्या. त्यांच्यात अंकिता एकटीच मोठी, ओढणी सावरत अवघडून बसलेली. राजनंदिनीनं स्वतः तिचे पाय धुतले. बर्फासारखी बोटं. मग ती घटाशेजारच्या आपल्या पाटावर, तिच्यासमोर बसली आणि तिच्यामागं अर्धगोल करून बाया बसल्या.

ताट आलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडई. अंकितानं पहिला घास घेतला. समोर जबडा हलला. दुसरा घास. समोरचा गळा हलला. मागच्या बायांनाही ते दिसलं असावं, कारण कुजबूज बंद झाली आणि हॉलमध्ये अंकिताच्या चावण्याचा आवाज तेवढा उरला.

“वाढा हिला,” राजनंदिनी म्हणाली.

पोळी पडली. ती संपली. आणखी पडली. पोट टरारलं, मग दुखायला लागलं, मग दुखायचंही थांबलं. हात आपला ताटातून तोंडाकडं जात होता. लहान मुली केव्हाच उठून गेल्या होत्या.

“धनगराची पोर हाय, खानारच,” मागून कुणी कौतुकानं म्हणालं. “जेवू द्या.”

“अजून,” राजनंदिनी म्हणाली. तिचे डोळे अंकिताच्या बोटांवर होते. “अजून, अंकी.”

अंकितानं मान वर केली. समोर राजनंदिनी होती, तिच्यामागं सगळ्या बाया, आणि सगळ्यांचीच तोंडं किंचित उघडी होती. तिच्या घासाची वाट बघत. ह्यातलं कुणीच जेवत न्हाई, तिच्या मनात आलं, ह्यातलं कुणीच जेवत न्हाई आन् मी ह्या सगळ्यांचं जेवतीये. तिनं हातातला घास ताटात ठेवला. दोन्ही खरकटे हात ताटावर उपडे धरले.

“बास,” ती म्हणाली. “मला भूक न्हाई.”

राजनंदिनीचा गळा एकदा हलला. मग ती पाटावरून बाजूला कलली, अगदी हळू, आणि घटाशेजारी आडवी झाली. डोळे उघडेच होते.

मग एकच गलका झाला. “अंगात आलं! देवी आली!” कुणी हळद-कुंकू उधळलं, कुणी लिंबू कापलं, एक बाई घुमायला लागली. काकू हात जोडून पुटपुटत होत्या. अंकिता ताट ओलांडून पुढं झाली. तिनं खरकट्या हातानं राजनंदिनीचं मनगट धरलं. नाडी लागेना. मग एक ठोका लागला. मग इतका वेळ काहीच नाही की अंकिताला वाटलं, तोच शेवटचा होता. मग दुसरा.

“ही देवी न्हाई,” ती ओरडली. “काकू, ही राजी हाय! हिचं हृदय बंद पडायला लागलंय. दवाखान्यात न्या!”

“उष्ट्या हातानं शिवू नको तिला!” एक बाई खेकसली.

काकू मधेच उभ्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण पाय उचलत नव्हता. “अष्टमी आहे,” त्या म्हणाल्या. “घट उठायच्या आधी उपास मोडायचा कसा? उपाशी बाईला पण असंच झालं होतं...”

“व्हय. असंच झालं हुतं.”

आवाज मागच्या खोलीच्या दारातून आला. राजनंदिनीची आजी, विठाबाई. वाकलेली, भिंतीला धरून उभी. अंकितानं तिला त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. बाया बाजूला झाल्या.

“मी नवी नवरी हुते तवा ह्या घरात,” म्हातारी म्हणाली. “नणंद माझ्या मांडीवर गेली. डोळं उघडं ठिवून. देव-बिव काय झाली न्हाई ती. मेली. मेल्यावर समद्यांनी दगुड मांडला, म्हंजी कुणाला मेली म्हणाया नगं.” ती नातवाकडं वळली. “पृथ्वीराज, रानात एक दगुड हाय तेवढा बास झाला. उचल तिला.”

पृथ्वीराजनं बहिणीला उचललं. एका हातावर मावली. चौफुल्याजवळच्या दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त तपासलं. पोटॅशियम इतकं खाली गेलं होतं की डॉक्टरांनी रिपोर्ट परत करायला लावला आणि तोही तसाच आला. संध्याकाळच्या आत ॲम्ब्युलन्सनं तिला पुण्याला हलवलं. अंकिता मागच्या गाडीत बसली. तिच्या हाताला पुरण वाळून चिकटलेलं होतं, ते धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

राजनंदिनी वाचली. ते सोपं गेलं नाही. दवाखान्यात पहिल्या दिवसांत तिला चमच्या-चमच्यानं द्यावं लागलं, कारण उपाशी शरीराला एकदम खायला घातलं तरी ते बंद पडू शकतं, असं डॉक्टरीण म्हणाल्या. मानसोपचाराच्या त्या डॉक्टर, पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी काकूंना आणि इंद्रजीतांना समोर बसवून सांगितलं की हा आजार आहे, याला नाव आहे, यानं मुली मरतात. काकू म्हणाल्या, “पण असलं शहरातल्या, फॅशनवाल्या मुलींना होतं ना?” डॉक्टर म्हणाल्या, “तुमच्या घरी तो उपास होऊन आला. त्याला जे कपडे मिळतात ते घालून येतो.”

इकडं कुरकुंभला अंकिताचं वेगळंच सुरू झालं. तिला खाताना थांबता येईना, आणि मग एक दिवस सुरू करता येईना. ताटापुढं बसली की समोर कुणीतरी बसलेलं वाटायचं. भिंतीकडं तोंड करून बसली तर मानेवर नजर जाणवायची. फोन आता येत नव्हता. तरी जेवणाच्या वेळी ती तांब्याकडं बघायची. आईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका उठला नाही. आईनं आणि आज्जीनं एकमेकींकडं बघितलं.

“बाहेरचं हाय,” रतनबाई म्हणाली. “त्या घरातलं काय तरी हिच्यासंगं आलंय. देवरुशाकडं न्या.”

संपत शिफ्टवरून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. तो लेकीजवळ येऊन उकिडवा बसला. “तूच सांग बाय. काय व्हतंय?”

इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. दोन डबे, हलणारा गळा, जिना, घट. बोलताना आपलं आपल्यालाच ते भुताखेताचं वाटत होतं. संपतनं मधे तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, “त्या डॉक्टरणीला बघितलंस न्हवं तू? तिथंच जाऊ.” रतनबाई पुटपुटली, पण जाताना तिनं डब्यात काही भरून दिलं नाही. तिच्याकडून एवढं होणं म्हणजे फार होतं.

डॉक्टरांनी अंकिताला फारसं काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “तुला शेवटची भूक कधी लागली होती?”

अंकिता आठवत बसली. भूक कशी असते ते आठवेना. तिनं लहानपणची एक दुपार आठवायचा प्रयत्न केला, आजोबांबरोबर रानात, उन्हात, फडक्यात बांधलेली भाकरी. आजोबांचं फडकं दिसलं, भाकरी दिसली. भूक आली नाही. ती रडायला लागली. संपत बाहेरच्या बाकड्यावरून उठून दाराशी आला आणि तिथंच उभा राहिला.

दोघींनी एका खोलीत राहायचं नाही, एकमेकींना जेवताना बघायचं नाही, असं ठरलं. राजनंदिनीचं वर्ष गेलं. अंकिता एकटीच शिरूरला परतली, कॉलेजजवळ दुसरी खोली घेतली. ठरल्या वेळी, ठरलेलं, एकटीनं खायचं. कधी जमायचं, कधी नाही. ताईबाईंना तिनं सांगून ठेवलं होतं, “मागितली तरी तिसरी पोळी देऊ नका.” ताईबाईंना वाटलं, पोरीनं डाएट धरलं.

उन्हाळा लागता लागता डॉक्टरांनी भेटायची परवानगी दिली. अंकिता यवतला गेली. रविवारची दुपार होती. फाटकाबाहेर बाया उभ्या होत्या, सात-आठ जणी, कडेच्या सावलीला. हातात हार.

फाटकाच्या आत अनिताकाकू उभ्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या, पण आवाज ठाम होता. “किती वेळा सांगू? दर्शन-बिर्शन नाही. ती जेवतीय आता.”

बाया हलल्या नाहीत. जेवतीय हे ऐकून एकीनं कपाळाला हात लावला, कुणी गेल्याचं कळल्यावर लावतात तसा.

काकूंनी अंकितापुरतं फाटक उघडलं. आतल्या खोलीत राजनंदिनी खिडकीकडं तोंड करून जेवत होती, शेजारी विठाबाई जपमाळ घेऊन बसलेली. अंकिता नेमानं बाहेरच थांबली. ताट सरकवल्याचा आवाज आला तेव्हा आत गेली. राजनंदिनीच्या चेहऱ्यावर मांस आलं होतं, केस बारीक कापलेले होते.

“रोज भांडण आहे गं,” ती म्हणाली. “रोज सकाळी उठले की पहिल्यापासून. आज पोळी अर्धी राहिली.” मग अंकिताकडं नीट बघून म्हणाली, “मी तुला काय केलं ते मला कळतंय, अंकी. तेव्हाही कळत होतं.”

अंकिता तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, “मला बी थांबता येत न्हवतं. आता तू परत ये. केमिस्ट्री कोण शिकवणार?”

राजनंदिनी हसली. खालच्या मजल्यापर्यंत जाईल असं नाही, पण आवाज आला.

अंकिता निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाया तशाच उभ्या. ती फाटकाबाहेर पडली तशी एक बाई पुढं झाली. तिनं शेजारच्या मुलीला पुढं ढकललं. तेरा-चौदाची असेल, अंगातला ड्रेस खांद्यावरून उतरत होता.

“बाय, तू आतली हायेस न्हवं? हिला नुसतं उंबऱ्याला डोकं टेकू दे. हिनंबी अन्न सोडलंय. पाण्यावर हाय.” बाईच्या आवाजात अभिमान होता. “आमच्या घरात बी देवी आली म्हणायची.”

अंकितानं मुलीचा हात धरला. हात थंड होता. तिनं बाही वर सारली. दंडावर मऊ, सोनेरी लव होती.

मुलगी अंकिताच्या तोंडाकडं बघत होती. ओठांकडं.

अंकिताला तिथून पळून जावंसं वाटलं. हायवे समोर होता, चौफुल्याकडं जाणारी जीप उभी होती. तिनं वळून फाटकावर हात आपटला. “काकू! काकू, बाहेर या!”

अनिताकाकू आल्या. त्यांनी मुलीकडं बघितलं, तिच्या दंडाकडं बघितलं, आणि फाटकाची कडी त्यांच्या हातातून सुटली.

“कधीपासनं?” त्यांनी त्या बाईला विचारलं.

“नवरात्रापासनं घास कमी करत आली, ताईसाहेब. तुमच्याकडं दर्शनाला आणलं हुतं तवापासनं.”

काकूंनी फाटक सताड उघडलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत घेतलं आणि बंगल्याकडं तोंड करून हाक मारली, “पृथ्वीराज! गाडी काढ. पुण्याला जायचंय.”